लाल बदामांची भिंत

लंडनमध्ये थेम्सच्या काठी, ब्रिटिश संसदेच्या समोरच्या तीरावर, सेंट थॉमस रुग्णालयाला लागून एक लांबलचक भिंत आहे. मार्च २०२१च्या अखेरीस कोविडमध्ये घरची माणसं गमावलेले लोक तिथे जमले आणि परवानगीची वाट न पाहता लाल बदाम काढू लागले. एका मृत्यूमागे एक बदाम. थोड्याच दिवसांत दीड लाखांच्या आसपास झाले. चित्रकला यायला हवी अशी अट नव्हती. कुणाचा बदाम वाकडा, कुणाचा फुगीर. आत नाव, एखादा निरोप. उन्हापावसाने लाल रंग फिकट गुलाबी पडू लागला, तसे स्वयंसेवक दर आठवड्याला जाऊन ते पुन्हा रंगवू लागले. मला या भिंतीतलं हे पुन्हा रंगवणंच सर्वांत मोलाचं वाटतं.

महाराष्ट्रात कोविडने गेलेल्यांची सरकारी नोंद सुमारे १ लाख ४८ हजारांची आहे. म्हणजे जवळपास तेवढीच भिंत आपल्यालाही लागली असती. ती आपल्याकडे नाही, याचं मला फार वाईट वाटतं. २०२१च्या एप्रिलमध्ये माझे मामा गेले. शेवटचं तोंड पाहता आलं नाही, खांदा देता आला नाही, दहावा व्हिडिओ कॉलवर झाला. अशी किती घरं असतील! रडायला, चार माणसांत बसायला जे विधी असतात, तेच नेमके तेव्हा बंद होते. ते राहून गेलेलं आता हातांनी काहीतरी करूनच थोडंफार भरून निघेल, असं मला वाटतं.

एड्सच्या साथीत अमेरिकेतल्या लोकांनी गोधडी शिवली. गेलेल्या माणसासाठी तीन फूट बाय सहा फुटांचा, कबरीएवढा तुकडा. त्यावर नाव, कधी त्याचेच कपडे. ऑक्टोबर १९८७मध्ये वॉशिंग्टनच्या मैदानावर ती पहिल्यांदा अंथरली, तेव्हा १,९२० तुकडे होते.

गोधडी आपल्याला कुणी शिकवायला नको. जुन्या लुगड्यांना धावदोरा घालत आपल्या आज्यांनी ती पिढ्यान्‌पिढ्या शिवली. मामांचा एक सदरा मामींनी अजून जपून ठेवला आहे. तुमच्याही कपाटात असं काही असेल. सोसायटीतल्या, वाडीतल्या घरांनी एकेक तुकडा काढावा, त्यावर नाव घालावं आणि एकत्र बसून शिवावं. टाके वाकडे पडले तरी चालतील. महापालिकांनी आणि ग्रामपंचायतींनी ती लावायला आपल्या सभागृहातली एक भिंत द्यावी.