मातीतील गोठलेली ठेव

रासायनिक खतांवरील अनुदानाची चर्चा आपल्याकडे वर्षातून दोनदा होते; एकदा अंदाजपत्रकाच्या सुमारास आणि दुसऱ्यांदा पेरणीच्या तोंडावर खताची टंचाई जाणवू लागली म्हणजे. दोन्ही वेळी ती पोत्याभोवतीच फिरते. पोते किती रुपयांना पडावे, त्यातील किती भार सरकारने सोसावा आणि ते वेळेवर का मिळत नाही, हेच तिचे विषय असतात. पोते शेतात रिकामे झाल्यावर त्यातील द्रव्याचे पुढे काय होते, हे मात्र क्वचितच कोणी विचारतो. स्फुरदाच्या बाबतीत तर हाच प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि त्याचे उत्तर पुष्कळसे डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवाणूंपाशी आहे.

नत्र हवेत अमाप आहे. ऊर्जा खर्ची घातली की ते खतात बांधता येते. स्फुरदाला असा मार्ग नाही. ते खडकातूनच खणून काढावे लागते आणि हा खडक निसर्गाने फार थोड्या देशांना दिला आहे. जगातील ज्ञात साठ्यांपैकी दोनतृतीयांशाहून अधिक साठा मोरोक्को आणि पश्चिम सहारा या एकाच टापूत आहे. आपल्याकडे राजस्थानात उदयपूरजवळ झामरकोटडा येथे आणि मध्य प्रदेशात काही ठिकाणी तो सापडतो. पण देशाच्या गरजेपुढे हे उत्पादन तुटपुंजेच आहे. तमिळनाडूतील राणीपेट येथे सुपर फॉस्फेटचा कारखाना १९०६ साली निघाला. त्यानंतर शतक उलटून गेले, तरी कच्चा खडक, फॉस्फरिक आम्ल किंवा तयार डीएपी यांपैकी कोणत्या ना कोणत्या रूपात आपल्याला परदेशाच्या दारात उभे राहावेच लागते.

या परावलंबनाची किंमत आपण वेळोवेळी मोजली आहे. २००७ च्या आरंभी टनास पन्नास डॉलरच्या आसपास मिळणारा खडक २००८ च्या मध्यास चारशे डॉलरच्या पलीकडे गेला. २०२१ साली जागतिक भाव पुन्हा भडकले, तेव्हा डीएपीच्या पोत्यामागील अनुदान केंद्र सरकारला एका फटक्यात ५०० रुपयांवरून १,२०० रुपयांवर न्यावे लागले. त्याच वर्षापासून चीनने निर्यातीवर वेळोवेळी निर्बंध घातल्याने पुरवठ्याची अनिश्चितताही वाढली. २०२२-२३ या वर्षी सर्व खतांवरील अनुदान मिळून सुमारे अडीच लाख कोटी रुपयांवर पोहोचले होते.

पोत्याचा हिशेब

आता थोडा हिशेब करू. डीएपीच्या पन्नास किलोच्या पोत्यात फॉस्फेटचे प्रमाण शेकडा ४६, म्हणजे तेवीस किलो असते. शुद्ध स्फुरद म्हणून मोजल्यास ते सुमारे दहा किलो भरते. यांपैकी पहिल्या हंगामातील पिकाच्या मुखी साधारणतः शेकडा १५ ते २० एवढाच भाग पडतो. म्हणजे दहा किलोंतील दीड-दोन किलो पिकाने घेतले आणि आठ किलो मातीत राहिले. हे आठ किलो वाहून नष्ट झाले असे सहसा होत नाही; धूप न झाल्यास ते तेथेच असतात. पण आपल्या काळ्या चुनखडीयुक्त जमिनीत ते कॅल्शियमशी आणि कोकणातील जांभ्या मातीत लोह व ॲल्युमिनियम यांच्याशी असे जखडले जातात की, मुळांना ते सहजासहजी उचलता येत नाहीत. त्यांतील काही भाग पुढील वर्षांत हळूहळू मोकळा होतो. तथापि पिकाची निकड आजची असते. शेतकरी पुढील हंगामात पुन्हा पोते आणतो आणि जुन्या थरावर नवा थर चढतो. बँकेत ठेव आहे, पण खाते गोठलेले असल्याने दर वर्षी नवे कर्ज काढावे लागते, अशी ही अवस्था आहे.

हे गोठलेले खाते काही अंशी उघडू शकणारे जिवाणू मातीत मुळातच असतात. बॅसिलस आणि स्यूडोमोनस या कुळांतील अनेक जाती मुळांच्या भोवती वाढताना ग्लुकॉनिक, सायट्रिक, ऑक्झॅलिक अशी सेंद्रिय आम्ले सोडतात. या आम्लांमुळे त्या सूक्ष्म परिसरातील सामू उतरतो, कॅल्शियम बांधले जाते आणि त्याला चिकटलेले स्फुरद पाण्यात येते. काही जाती फॉस्फटेजसारखी विकरे निर्माण करून कुजलेल्या पालापाचोळ्यातील सेंद्रिय स्फुरदही पिकाला घेता येईल अशा रूपात आणतात. हे काम त्या उपकारबुद्धीने करीत नाहीत. त्यांना स्वतःला स्फुरद हवे असते आणि मुळांतून पाझरणारी साखर हे त्यांचे अन्न असते. पीक आणि जिवाणू यांच्यातील हा विनिमयच आहे.

ही गोष्ट नवीनही नाही. सोव्हिएत शास्त्रज्ञ पिकोव्हस्काया यांनी १९४८ साली अशा जिवाणूंना ओळखण्याची सोपी रीत प्रसिद्ध केली. न विरघळलेल्या फॉस्फेटने धूसर झालेल्या माध्यमावर जिवाणू वाढवायचे. ज्याच्या भोवती स्वच्छ कडे उमटेल तो आपल्या कामाचा. प्रयोगशाळांतून आजही ही रीत वापरात आहे. सोव्हिएत संघात ‘फॉस्फोबॅक्टेरिन’ या नावाचे संवर्धन १९५० च्या दशकात लक्षावधी हेक्टरांवर वापरले गेले आणि उत्पादनवाढीचे मोठे दावेही झाले. अमेरिकेच्या कृषिखात्याने मात्र स्वतंत्र चाचण्या घेऊन १९६२ साली आपल्याला असा लाभ दिसला नसल्याचे प्रसिद्ध केले. आपल्याकडे दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने याच सुमारास या विषयात लक्ष घातले आणि पुढे कृषी विद्यापीठांमार्फत स्फुरद विरघळविणारे जिवाणू बीजप्रक्रियेसाठी शेतकऱ्यांपर्यंत आले.

सोव्हिएत दावे आणि अमेरिकन नकार यांतून घ्यावयाचा बोध असा की, काचेच्या तबकडीतील कडे म्हणजे शेतातील उत्पादन नव्हे. तबकडीत जिवाणूला साखर आयती मिळते. शेतात त्याला आधीपासून वस्ती करून असलेल्या असंख्य जिवाणूंशी झगडावे लागते, आणि काळ्या जमिनीतील चुना त्याने सोडलेले आम्ल लगोलग मारून टाकतो. शिवाय जिवाणू स्फुरद निर्माण करीत नाही. असलेले मोकळे करतो. ज्या जमिनीत ठेवच नाही तेथे तो काय काढून देणार? आणि ज्या जमिनीतील सेंद्रिय कर्ब संपुष्टात आला आहे, तेथे शेणखत वा पीक-अवशेष न घालता केवळ जिवाणू सोडणे म्हणजे मजुराला उपाशी ठेवून कामाची अपेक्षा करण्यासारखे आहे. ‘रासायनिक खताला रामराम’ अशा घोषणा जे करतात, ते या जिवाणूंचे मित्र नव्हेत. योग्य जमिनीत स्फुरदाच्या मात्रेत काही काटकसर साधणे, एवढे माफक उद्दिष्ट ठेवले तरच ते साध्य होण्यासारखे आहे.

अविश्वासाचा बाजार

परंतु एवढेही घडत नाही. त्याचे कारण जीवशास्त्रापेक्षा अर्थशास्त्रात अधिक आहे. जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराविषयी एक निबंध लिहिला. पुढे २००१ साली अर्थशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात त्यांना वाटा मिळाला तो याच विचारासाठी. ज्या वस्तूचा दर्जा विकणाऱ्याला कळतो पण घेणाऱ्याला कळत नाही, तिला ग्राहक सरासरी दर्जाची किंमत देतो. त्या किमतीत चांगला माल परवडत नाही, चांगला विक्रेता निघून जातो आणि बाजार निकृष्ट मालाच्या हाती राहतो, असे त्याचे सार आहे. जिवाणू खताच्या पाकिटाला हे वर्णन तंतोतंत लागू पडते. लिग्नाइटच्या काळ्या भुकटीत जिवाणू जिवंत आहेत की मेलेले, हे पाहून, चोळून वा हुंगून कळत नाही. पेरल्यानंतरही कळत नाही. कारण पीक चांगले आले तर श्रेय पावसाला जाते आणि बुडाले तर दोषही पावसालाच.

कायदा नाही असे नव्हे. खत नियंत्रण आदेश १९८५ सालचा आहे आणि २००६ साली जिवाणू खते त्याच्या कक्षेत आली. स्फुरद विरघळविणाऱ्या जिवाणूंच्या भुकटीत एका ग्रॅममागे किमान पाच कोटी आणि द्रवरूप खतात एका मिलिलिटरमागे किमान दहा कोटी जिवंत जिवाणू असावेत, असे मानक ठरविण्यात आले. मानक कारखान्याच्या दारात पाळले गेले, तरी पाकीट पुढे मे महिन्याच्या उन्हात पत्र्याच्या गोदामात पडून राहते. उष्णतेने आतील जीव मरतात. छापलेली मुदत मात्र शिल्लक असते. यूरियाचे पोते असे मरत नाही. निर्जीव मालासाठी उभारलेल्या साखळीतून सजीव माल पाठविण्याचा हा परिणाम होय.

विक्रेत्याची बाजूही पाहिली पाहिजे. डीएपीच्या पोत्याच्या मानाने या पाकिटाची किंमत क्षुल्लक, तेव्हा त्यात नफाही क्षुल्लक. ते राखण्यात, थंड ठेवण्यात, कसे वापरावे हे समजावून सांगण्यात त्याने वेळ का घालवावा? उलट टंचाईच्या दिवसांत डीएपीबरोबर नको असलेला अन्य माल गळ्यात मारण्याची जी ‘लिंकिंग’ नावाची प्रथा आहे, तिच्याविषयी शेतकरी वर्षानुवर्षे तक्रार करीत आले आहेत. सक्तीने गळ्यात पडलेल्या पाकिटावर कोणाचा विश्वास बसणार?

अनुदानाची रचनाही या उदासीनतेला पोषकच आहे. १ एप्रिल २०१० पासून स्फुरद व पालाशयुक्त खतांना अन्नद्रव्याच्या वजनानुसार अनुदान मिळते. म्हणजे सरकार पैसे मोजते ते स्फुरद मातीत पडण्यासाठी. ते पिकाला मिळाले की नाही, हा प्रश्न हिशेबात येतच नाही. जून २०२३ मध्ये मंजूर झालेल्या ‘पीएम-प्रणाम’ योजनेने रासायनिक खतांचा वापर कमी करणाऱ्या राज्याला वाचलेल्या अनुदानाचा निम्मा भाग देऊ केला. दिशा योग्य आहे. पण केवळ वापर घटला हे यश मानले, तर टंचाईमुळे किंवा दुष्काळामुळे झालेली घटही यशात जमा होईल.

म्हणून तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, जिवाणू खतांचे नमुने कारखान्यातून न घेता गावच्या दुकानातून, पेरणीच्या आठवड्यात घ्यावेत आणि निकाल उत्पादकाच्या नावानिशी जाहीर करावेत. अविश्वासाच्या बाजारावर खुली माहिती हाच उतारा आहे. दुसरी, २०१५ पासून वाटल्या जाणाऱ्या मृदा आरोग्य पत्रिकेत उपलब्ध स्फुरदाचा आकडा असतो. त्याच्या जोडीला मातीत गोठलेल्या स्फुरदाचा अंदाजही दिला जावा, म्हणजे कोणत्या शेतात जिवाणूंना काम आहे आणि कोणत्या शेतात पोत्याला पर्याय नाही हे उमगेल. तिसरी, अनुदानाचा अत्यल्प अंश कृषी विद्यापीठांच्या देखरेखीखाली शेतकऱ्यांच्याच रानात, अनेक वर्षे चालणाऱ्या तुलनात्मक चाचण्यांसाठी राखून ठेवावा. लाभ होत असेल तर तो किती आणि कोठे, होत नसेल तर का नाही, हे दोन्ही सांगण्याचे स्वातंत्र्य त्या चाचण्यांना असावे.

यांपैकी एकाही गोष्टीसाठी अफाट पैसा लागणार नाही. लागेल ती दर्जाबाबतची कठोरता आणि दाव्यांबाबतचा संयम. परदेशातून आलेले जे स्फुरद आपण अनेक दशके करदात्यांच्या आणि शेतकऱ्यांच्या पैशाने मातीत घातले, ते पुष्कळसे अजून आपल्याच मातीत आहे. त्याचा हिशेब न मागता दर वर्षी नवी हुंडी काढीत राहणे हा व्यवहार कोणताही शहाणा कारकून आपल्या खतावणीत चालू देणार नाही. राष्ट्राने तरी तो का चालू द्यावा?