सोनें आणि बियाणें

समाजव्यवस्थाच कोसळली तर घरांतील कोणती वस्तु मोलाची ठरेल, असा प्रश्न निघाला कीं वडीलधारी मंडळी सोन्याचें नांव घेतात. आम्हांस मात्र लेनिनग्राड आठवतें. सप्टेंबर १९४१ मध्यें जर्मन सैन्यानें त्या नगरास घातलेला वेढा जानेवारी १९४४ पर्यंत पुरता उठला नाहीं. पहिल्याच हिंवाळ्यांत मुलांस व काम न करणाऱ्यांस दिवसाकाठीं १२५ ग्रॅम पाव मिळे, आणि तोही भेसळीचा! दागिने, घड्याळें पावाच्या तुकड्यासाठीं बाजारांत आलीं. सोनें विकावयाचें तर समोरच्याजवळ शिलकेचा पाव हवा, हें आपण विसरतों. कोठारें जळालीं तेव्हां वितळलेली साखर जमिनींत मुरली. ती मातीदेखील लोकांनीं विकत घेतली. लहानशी लोखंडी शेगडी हें मोठें धन झालें. तिच्यांत आधीं लांकडी सामान गेलें, मागोमाग ग्रंथ गेले. (जाळणारांस दोष देण्याचें धैर्य आम्हांस नाहीं, पोरें गारठलीं असतीं तर आम्हीही कोशाचीं पानें फाडलीं असतीं.)

त्याच नगरांतील एका संस्थेंत निकोलाय वाव्हिलोव्ह व त्यांचे सहकारी ह्यांनीं देशोदेशींहून जमविलेलें बियाणें होतें. भात, भुईमूग, गहूं हाताशीं असतांना तेथील कित्येक शास्त्रज्ञ उपासमारीनें मेले, पण त्यांनीं तें बियाणें खाल्लें नाहीं. खुद्द वाव्हिलोव्ह सरकारी कैदेंत होते. १९४३ सालीं सारातोव्हच्या तुरुंगांत त्यांचा अंत झाला. ती संस्था त्या नगरांत आजही आहे.