ब्रशचे टोक ओठांत नको

हाताने घडवलेल्या चिमुकल्या ट्रकच्या पाठीवर ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहायचे, तर झिरो नंबरच्या ब्रशला सुईसारखे टोक हवे. ते काढण्यासाठी अनेक जण ब्रश ओठांत धरून ओढतात. सवय साधी वाटते, पण ती मोडायलाच हवी.

अमेरिकेत न्यू जर्सीमध्ये १९१७ पासून घड्याळांच्या तबकड्या रेडियमच्या रंगाने रंगवणाऱ्या तरुणी असेच टोक काढत. पुढे अनेकींच्या जबड्याची हाडे कुजली, काहींचा जीव गेला. आजच्या रंगांत रेडियम नसते. मात्र काही पिवळ्या-लाल रंगांत शिसे किंवा कॅडमियम असू शकते. भारतात घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशावर ९० पीपीएमची मर्यादा आहे. पण कपाटातला जुना डबा त्याआधीचा असेल तर? शिसे हाडांत साठते आणि मुलांच्या मेंदूला त्याचा धोका अधिक. हा छंद तर मुलांनाही लागतो.

टोक काढायला ओल्या फडक्याची घडी पुरते. थिनर वापरताना खिडकी उघडी ठेवावी, कामाच्या टेबलावर खाऊ नये आणि उठताना हात साबणाने धुवावेत. मुलांना ब्रश देण्याआधी मोठ्यांनी ही शिस्त स्वतःला लावावी.