आधी सतरंजी, मग खुर्ची

इंजिनिअरिंग प्रवेशाच्या फेऱ्या सुरू झाल्या की नागपुरात एक प्रश्न हमखास कानावर पडतो. 'काहून बे, मेटलर्जी? कॉम्प्युटर नाही भेटलं का?' ज्याला विचारलं तोही ओशाळून हसतो. व्हीएनआयटीतली 'मेटलर्जिकल अँड मटेरिअल्स इंजिनिअरिंग' ही ब्रँच अनेकांच्या पसंतीक्रमात खालीच असते. मिळाली तर घ्यायची, चार वर्षं कोडिंग शिकायचं आणि सॉफ्टवेअरमध्ये निघून जायचं, हा हिशेब पहिल्याच सेमिस्टरला ठरलेला असतो. त्यात गैर काही नाही. पण ही ब्रँच घेऊन माणूस कुठवर जातो, हे न बघताच तिला कमी लेखणं मात्र गैर आहे.

ते बघायची एक सोपी जागा आहे. धातू आणि मटेरिअल्सच्या क्षेत्रातल्या व्यावसायिक संघटना अध्यक्षपदासाठी कुणाची नावं पुढे करतात आणि त्या माणसांनी त्याआधी काय काय केलेलं असतं, ते वाचा.

अमेरिकेतली 'एएसएम इंटरनॅशनल' ही या क्षेत्रातली जुनी संघटना. तिथे निवड समिती नाव सुचवते. तो माणूस आधी उपाध्यक्ष आणि नंतर एक वर्ष अध्यक्ष होतो. २०२३-२४ साली या पदावर होते प्रदीप गोयल. आयआयटी कानपूरला मेटलर्जी, मग एमआयटी आणि पुढे नवी मुंबईत रबाळ्याला फोर्जिंगचा कारखाना. लालबुंद तापलेलं पोलाद साच्यात दाबून त्याला आकार देण्याचा हा धंदा. म्हणजे जगभर सभासद असलेल्या या संघटनेचं नेतृत्व करायला कुणी अमेरिकेतच स्थायिक व्हावं लागतं असं नाही. आपल्याच राज्यातल्या एमआयडीसीतूनही तिथे जाता येतं.

दुसरं उदाहरण आणखी जवळचं. डॉ. बलदेव राज यांनी मेटलर्जीची पदवी घेतली ती रायपूरला. तिथून भाभा अणुसंशोधन केंद्र, मग कल्पाक्कम आणि २००४ ते २०११ तिथल्या इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्राचे संचालक. वस्तू न तोडता तिच्या आतला दोष शोधायचा, हा त्यांचा विषय. अणुभट्टीतल्या वेल्डिंगसाठी वापरायचं तेच तंत्र त्यांनी दक्षिणेतल्या प्राचीन पंचधातूच्या मूर्तींच्या अभ्यासालाही लावलं. 'इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मेटल्स' म्हणजे आयआयएमचे ते अध्यक्ष होते, वेल्डिंगच्या आंतरराष्ट्रीय संस्थेचेही झाले. आयआयएम स्थापन झाली १९४६ साली. तिचे पहिले अध्यक्ष सर जहांगीर गांधी हे टाटांच्या जमशेदपूरच्या पोलाद कारखान्याचे पहिले भारतीय जनरल मॅनेजर.

एक कारखानदार, एक संशोधक, एक मॅनेजर. तिघांच्या वाटा वेगळ्या, पण एक गोष्ट सारखी. स्वतःला जे कळलं ते क्षेत्रातल्या इतरांपर्यंत पोचावं म्हणून तिघांनीही आपल्या कामापलीकडे वेळ दिला. अशा संघटनांत कुणी थेट खुर्चीवर जाऊन बसत नाही. आधी शाखेचं काम करायचं, व्याख्यानं ठरवायची, पेपर तपासायचे, हँडबुकसाठी प्रकरण लिहायचं आणि पगार शून्य. राजकारणात ज्याला सतरंज्या उचलणं म्हणतात, तेच हे.

'मग फुकटची हमाली कशाला?' हा प्रश्न रास्त आहे. कोअर कंपनीत सुरुवातीचा पगार बेताचा, पोस्टिंग कुठेतरी खाणीजवळ आणि वर हे. पण धातूंचं ज्ञान हे मुख्यतः फसलेल्या गोष्टींचं ज्ञान असतं. साधा बोल्ट घ्या. उच्च ताकदीच्या पोलादाच्या बोल्टवर झिंकचा मुलामा दिला की त्या प्रक्रियेत हायड्रोजन पोलादात शिरतो. बोल्ट वरून चकचकीत दिसतो, आवळतानाही काही होत नाही आणि काही तासांनी किंवा दिवसांनी अचानक तुटतो. मुलामा दिल्यावर लगेच सुमारे २०० अंश सेल्सिअसला काही तास भट्टीत ठेवला, तर हा धोका बराच टळतो. ही गोष्ट कुणीतरी बोल्ट तुटल्यावर शोधली, लिहिली, चार लोकांसमोर मांडली. ती मांडली गेली नसती तर प्रत्येक कारखान्याला आपापला बोल्ट तोडूनच शिकावं लागलं असतं.

एएसएमचा जन्मही यातूनच झाला. १९१३ साली डेट्रॉइटमध्ये मोटारींचे कारखाने वाढत होते. पोलाद किती तापवायचं, त्याला पाणी कधी द्यायचं, हे ज्याचं त्याचं गुपित होतं. विल्यम पार्क वुडसाइड यांनी हीट ट्रीटमेंट करणारी माणसं एकत्र आणली आणि 'स्टील ट्रीटर्स क्लब' सुरू केला. ही संघटना भट्टीजवळ उभ्या राहणाऱ्या माणसांनी काढली, हे आपण लक्षात ठेवलं पाहिजे.

कारण आपलं दुखणं नेमकं इथेच आहे. नागपूरभोवती धातूंची काय कमी आहे? मॉइलचं मुख्यालय इथे, भारतीय खाण ब्युरोचंही इथेच. वाडीला अ‍ॅल्युमिनियमचं राष्ट्रीय संशोधन केंद्र, अंबाझरीला आयुध निर्माणी, भंडाऱ्याजवळ वरठीला पोलाद, चंद्रपूरला फेरोअलॉय, गडचिरोलीत सुरजागडचं लोहखनिज. हिंगणा आणि बुटीबोरीत शेकडो लोक रोज भट्टीवर उभे असतात. पण व्याख्यान ठरतं ते बहुतेक वेळा वातानुकूलित सभागृहात, इंग्रजीत, शाल-श्रीफळासह. खुर्च्या भरायला विद्यार्थी बसवायचे, त्यांनी प्रमाणपत्र आणि समोसा घेऊन निघायचं. भट्टीवरचा माणूस दाराबाहेरच राहतो.

संघटनांच्या इथल्या शाखांनी हे बदलायला हवं. कार्यकारिणीत विद्यार्थ्यांना खरी जबाबदारी द्या, नुसतं स्वयंसेवकाचं बिल्ला-काम नको. वर्षातली निदान दोन व्याख्यानं मराठीत आणि हिंदीत, आयटीआयमध्ये किंवा एमआयडीसीत ठेवा. फोरमनला मंचावर बोलवा आणि त्याच्याकडे काय फसलं, ते ऐका.

आणि तुम्ही? तुम्हाला सॉफ्टवेअरमध्येच जायचं असेल तर खुशाल जा. पण मेटलर्जीत राहणार असाल, तर चार वर्षं ओशाळून काढू नका. विद्यार्थी सभासदत्व घ्या. पुढच्या व्याख्यानाला जाल तेव्हा मागच्या रांगेत मोबाईल बघत बसू नका. एक प्रश्न विचारा, जमलं तर वृत्तांत लिहून द्या. त्यानंतर हिंगण्यातल्या एखाद्या हीट ट्रीटमेंट शॉपमध्ये जाऊन मालकाला विचारा, 'तुमच्याकडे सगळ्यात जास्त काय तुटतं?' फायनल इयरच्या प्रोजेक्टला विषय मिळेल. आणि ते उत्तर पुढच्या बैठकीत मांडलंत, की शाखेचं तुमचं पहिलं कामही झालेलं असेल.