मत आमचे, दुकान कुणाचे?

ऑक्टोबर 2025 मध्ये, ऐन दिवाळीच्या तोंडावर, नगर शहराचे आमदार संग्राम जगताप यांनी सोलापुरात जाहीर आवाहन केले : दिवाळीची खरेदी फक्त हिंदूंच्याच दुकानातून करा. त्यांचे पक्षाध्यक्ष अजित पवार यांनी नापसंती दर्शवली, नोटिशीची भाषा केली. बातमी दोन दिवस चालली. मित्र म्हणाले, तू यावर लिहीत का नाहीस? खरे सांगतो, लाज वाटत होती. त्यांची नव्हे, माझी. 2014 ला माझे मत याच उमेदवाराला होते.

त्यांची कारकीर्द आठवून पाहा. वडील अरुण जगताप विधान परिषदेवर. मुलगा आधी शहराचा महापौर. 2014 ला राष्ट्रवादीच्या तिकिटावर, 1990 पासून सलग निवडून येणाऱ्या शिवसेनेच्या अनिल राठोड यांना हरवून आमदार. 2019 ला काँग्रेस-राष्ट्रवादी आघाडीकडून लोकसभेला उभे राहिले, सुजय विखे यांच्याकडून हरले. त्याच वर्षी विधानसभा पुन्हा जिंकली. 2023 ला पक्ष फुटला तेव्हा अजित पवारांसोबत गेले आणि 2024 ला तिसऱ्यांदा निवडून आले. या सगळ्या प्रवासात पक्षाच्या नावापुढे 'शाहू-फुले-आंबेडकरांचा विचार' लावलेलाच होता. विचाराची पाटी तीच राहिली, आतला माल बदलला.

आता या आवाहनाचा हिशेब करू. नगरच्या कापड बाजारात एक ड्रेस विकला जातो तेव्हा त्यात किती हात असतात? कापडाचा ठोक व्यापारी एका समाजाचा, शिवणारा दुसऱ्या, काज-बटण करणारी बाई तिसऱ्या, हमाल चौथ्या. मुसलमान फेरीवाल्याकडून रांगोळी घेतली नाही, तर त्याला ती उधारीवर देणाऱ्या हिंदू ठोक व्यापाऱ्याची उधारी कोण फेडणार? बाजार धर्माने कापता येत नाही. कापायला गेलात तर दोन्ही बाजूंनी रक्त येते.

काही जण म्हणतील, 'आमदारांना भाषणस्वातंत्र्य नाही का?' जरूर आहे. अमेरिकेत ज्युलियन बाँड हा तरुण कृष्णवर्णीय कार्यकर्ता 1965 मध्ये जॉर्जिया राज्याच्या विधानसभेवर निवडून आला. त्याने व्हिएतनाम युद्धाला विरोध केला म्हणून सभागृहाने त्याला जागाच दिली नाही. 1966 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला, की लोकप्रतिनिधीला मत मांडण्याची मोकळीक हवीच. मला हा निकाल मान्य आहे. पण बाँड बलाढ्य सरकारला प्रश्न विचारत होता. इथे सत्ताधारी आमदार हातगाडीवाल्याच्या पोटावर बोलतो. दोघांना एकाच तागडीत कसे तोलायचे?

आणखी एक गंमत. आपल्या संविधानात मंत्र्याला शपथ घ्यावी लागते की सर्व लोकांना न्याय देईन, कुणाविषयी ममत्व वा आकस बाळगणार नाही. आमदाराच्या शपथेत हे शब्द नाहीत. तो संविधानावर श्रद्धा आणि निष्ठा सांगतो, कर्तव्य निष्ठेने पार पाडीन म्हणतो. पण त्याच संविधानाच्या कलम 19 ने प्रत्येक नागरिकाला व्यापार-धंद्याचा हक्क दिला आहे. निष्ठा म्हणजे आणखी काय असते?

पण बोट फक्त तिकडेच दाखवून चालणार नाही. भाई, आपण काय केले? जिल्ह्यात बारा मतदारसंघ, एकही मुस्लिम आमदार नाही. राज्यात 288 पैकी दहा. यावर आपण दरवेळी उसासा टाकतो आणि दरवेळी एकच हिशेब मांडतो : 'कोण हरला पाहिजे?' कोण जिंकतोय, तो आपल्या गटारीचे, शाळेचे, पोरांच्या नोकरीचे काय करणार, हे मी तरी 2014 ला विचारले नाही. भीतीपोटी दिलेले मत फुकटचे असते. घेणाऱ्याला ठाऊक असते, की यांना दुसरीकडे जागाच नाही. मग त्याला तुमची किंमत ठेवायची गरज काय?

उलट बहिष्काराची भाषा करणाऱ्या आपल्या तरुणांनाही सांगतो : तो मूर्खपणा करू नका. ज्या दुकानातून घेत होता, तिथूनच घ्या. सालाबादप्रमाणे दिवाळीचा फराळ खा, ईदला शिरखुर्म्याचा डबा पाठवा. त्या दिवाळीत मी माझ्या नेहमीच्या वाण्याकडूनच पणत्या घेतल्या. त्याने पैसे मोजले, नाव विचारले नाही. वीस वर्षांपासून त्याला ते माहीतच आहे.

आणि पुढच्या वेळी कुणी मत मागायला दारात आला, पक्ष कोणताही असो, तर चहा जरूर पाजा. पण आधी एवढे विचारा : आमच्या दुकानात तुमच्या मतदारांनी यावे की नाही? उत्तर चारचौघांत, माईकवर द्यायला सांगा. बंद खोलीत सगळेच आपले असतात.