दंडाच्या धाकाने डॉक्टर येतो, राहत नाही!



रात्री बांधावर घोणस चावली की आपण एकच विचारतो, "दवाखान्यात डॉक्टर आहे का?" तो कोण, किती दिवसांसाठी आलाय, त्याच्या पाठीशी कोण उभे आहे, हे मात्र कोणी विचारत नाही. आज तेच विचारायचे आहे.

"शहरातली पोरं खेड्यात यायला तयार नाहीत" हे वाक्य पुढाऱ्यांच्या फार सोयीचे आहे. खरी गोष्ट वेगळी आहे. सरकारी महाविद्यालयातून एमबीबीएस झालेल्याला एक वर्षाची बंधपत्रित सेवा सक्तीची आहे, टाळली तर दहा लाखांचा दंड. कायम भरती करण्याऐवजी सरकार या एक वर्षाच्या डॉक्टरांवर अनेक दवाखाने चालवते. अशा डॉक्टरला गावाची वाट कळेपर्यंत वर्ष सरते. टीबीचा कोणता पेशंट गोळ्या सोडतो, कोणत्या पाड्यावरची बाई बाळंतपणाला उशिरा निघते, हे नव्याला पुन्हा पहिल्यापासून शिकावे लागते.

त्या वर्षात त्याचे अर्धे लक्ष पदव्युत्तर प्रवेशाच्या नीट-पीजी परीक्षेवर असते. त्यात नवल काय? 23 जून 2024 ची परीक्षा सरकारने आदल्या रात्री पुढे ढकलली, ती झाली 11 ऑगस्टला. ज्याच्या आयुष्याचे वेळापत्रक असे उधळले जाते, त्याने आमच्या डोंगरात मन रमवावे, ही अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची?

घोणशीचे विष रक्त गोठू देत नाही. काचेच्या नळीत रक्त 20 मिनिटे ठेवून तपासायचे, गोठले नसेल तर सर्पविषरोधक सीरम सुरू करायचे, रिअ‍ॅक्शन आली तर लागेल म्हणून अ‍ॅड्रेनलिन तयार ठेवायचे. हे सगळे पुस्तकात आहे, पण पहिल्यांदा करताना शेजारी जाणते माणूस लागते. ते नसले की "पुढे न्या" अशी चिठ्ठी मिळते. मंचरपासून पुणे साठेक किलोमीटर, आणि भीमाशंकरच्या खोऱ्यातून मंचर गाठायचे ते वेगळेच. मग आपण त्या पोराला भित्रा म्हणतो. त्याला एकटे सोडणाऱ्याला काहीच म्हणत नाही.

नर्स आणि लॅब टेक्निशियनची तरी भरती नीट झाली का? 2021 च्या आरोग्य भरतीचे पेपर फुटले आणि परीक्षा रद्द झाली. अभ्यास करणारी पोरे घरी बसली, इकडे दवाखान्यातला ताण वाढला.

डॉक्टर शिकत असतात तेव्हाही सरकारची हीच बेपर्वाई. निवासी डॉक्टरांची ड्यूटी आठवड्याला 48 तास आणि सलग 12 तासांहून जास्त नसावी, असे 1992 च्या केंद्रीय योजनेत लिहिले आहे. प्रत्यक्षात सलग 36 तास उभे राहणारे निवासी डॉक्टर आजही आहेत. नेमणुकीवर गेल्यावरही सुटका नाही. ऑक्टोबर 2025 मध्ये फलटणच्या उपजिल्हा रुग्णालयातल्या तरुण महिला डॉक्टरच्या मृत्यूने राज्य हादरले. कामात येणाऱ्या दबावाबद्दल तिने आधीच लेखी तक्रार केली होती, हे नंतर उघड झाले. तक्रार ऐकणारे कोणी नसेल तर खेड्यातल्या नेमणुकीला पोरी आणि त्यांचे आईबाप घाबरणारच.

कोणी म्हणेल, "जनतेच्या पैशावर शिकले, एक वर्ष द्यायला काय हरकत?" काहीच हरकत नाही. वर्ष द्यावेच. पण ते शिक्षेचे नको, शिकण्याचे हवे.

म्हणून आमच्या मागण्या:

1. प्राथमिक आरोग्य केंद्रांतली मंजूर पदे कायम भरतीने भरा. बंधपत्रित डॉक्टर हा जादा हात समजा.

2. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना तीन महिने जिल्ह्यात पाठवण्याचा नियम आहे. ते मंचरलाही येऊ द्या, सोबत अनुभवी विशेषज्ञ द्या.

3. सेवेतल्या डॉक्टरांसाठी राज्याने 2022 मध्ये पदव्युत्तरच्या 20 टक्के जागा राखल्या. इथे सलग तीन वर्षे काढणाऱ्या कंत्राटी डॉक्टरलाही तो दरवाजा उघडा.

4. राहण्याजोगे क्वार्टर, रात्रीचा सुरक्षारक्षक आणि जिल्हा पातळीवर तक्रार ऐकणारी स्वतंत्र समिती द्या.

मंडळी, जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातली गावे आदिवासी भागांसाठीच्या पेसा कायद्याखाली आहेत. सामाजिक क्षेत्रातल्या संस्था आणि कर्मचाऱ्यांवर देखरेखीचा अधिकार 1996 च्या या कायद्याने ग्रामसभेलाही दिला आहे. तो वापरा. येत्या ग्रामसभेत आपल्या केंद्रातली मंजूर पदे किती, भरलेली किती, त्यातली कायम किती, हे तीन आकडे मागा आणि इतिवृत्तात लिहून घ्या. आकडे मिळाले नाहीत तर तसा ठराव करून जिल्हा परिषदेला पाठवा. मत मागायला येणाऱ्या प्रत्येकासमोर तोच ठराव धरा.

— जुन्नर-आंबेगावचे नागरिक

(वाचा आणि पुढच्याच्या हातात द्या.)