मण्यार की कवड्या?

साप दिसला की आधी काठी आणि मग ओळख, असा आपल्याकडचा क्रम आहे. माझ्या मते तो चुकीचा आहे. हे मी स्वतः चूक करून शिकलो.

बाबांच्या बदलीमुळे आमचे घर सध्या चेन्नईत, वेस्ट मांबलमला आहे. उन्हाळी सुट्टीत एका संध्याकाळी जिन्याखाली, चपलांच्या रॅकमागे वीतभर लांबीचा साप निघाला. तपकिरी अंगावर पांढरट आडवे पट्टे. शेजारचे मामा ओरडले, "कट्टुविरियन!" तमिळमध्ये मण्यारीला हेच नाव आहे. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले, कारण मी सैनिकी शाळेत शिकतो. मीही ऐटीत म्हणालो, "हो, मण्यारच." वॉचमनने दोन फटक्यांत काम संपवले.

नंतर टॉर्च लावून पाहिले. मोठ्या मण्यारीचे अंग काळे-निळसर असते. तिचे पट्टे बारीक असतात, मानेपासून थोडे अंतर सोडून सुरू होतात आणि शेपटीकडे ठळक होतात. पाठीच्या मधोमध मोठ्या षटकोनी खवल्यांची रांग असते. या सापाचे पट्टे मानेपासूनच सुरू झाले होते आणि शेपटीकडे पुसट होत गेले होते. डोके चपटे होते. तो कवड्या होता. बिनविषारी, रात्री भिंतीवर चढून पाली खाणारा.

कोणी म्हणेल, जीव धोक्यात असताना खवले बघत बसायचे का? मुळीच नाही. मण्यारीला कवड्या समजून हात लावणे ही तर त्याहून मोठी चूक. मण्यारीच्या दंशाने बऱ्याचदा फारसे दुखत नाही, सूजही येत नाही. माणूस झोपून राहतो आणि श्वास बंद पडतो. एका अभ्यासानुसार भारतात 2000 ते 2019 या काळात दरवर्षी सरासरी 58,000 माणसे सर्पदंशाने गेली. म्हणून ओळख पटत नसेल, तर साप विषारी आहे असे धरून लांब उभे राहावे, मुलांना आत न्यावे, सापावर नजर ठेवावी आणि वनविभागाला किंवा जाणकार सर्पमित्राला बोलवावे. दंश झालाच तर साप मारून दाखवायला नेण्यात वेळ घालवू नये, थेट रुग्णालय गाठावे. आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर चालते.

या लसीसाठी लागणारे बरेचसे विष चेन्नईजवळच्या वडनेम्मेली येथील इरुळा लोकांच्या सहकारी संस्थेतून येते. ही संस्था 1978 साली सुरू झाली. पूर्वी हे लोक कातड्यासाठी साप पकडत. आता ते विष काढून घेतात आणि साप पुन्हा रानात सोडतात. सापाला सर्वांत जवळून ओळखणारी माणसे त्याला मारत नाहीत, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

कॅडेट मित्रांनो, समोर कोण आहे हे ओळखल्याशिवाय गोळी चालवायची नाही, असे आपल्याला शिकवले जाते. त्या संध्याकाळी काठी वॉचमनच्या हातात होती, पण हुकूम माझा होता. "मला नक्की माहीत नाही, सगळे मागे व्हा," एवढे म्हणायला मला लाज वाटली. पुढच्या वेळी वाटणार नाही.